सकाळी बरा असणारा पेशंट

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, बदलापूरच्या कात्रपमध्ये राहणारा तिशीतला एक तरुण उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आमच्या दवाखान्याचा जिना चढून वर आला. त्याच संध्याकाळी बाहेरच्या बाकड्यावरून डॉक्टरांच्या खोलीत न्यायला त्याला दोन माणसांचा आधार लागला. मधल्या वेळात तो कुठे पडला नव्हता. त्याला इंजेक्शन दिलं नव्हतं. आईने आणलेला डबा खाऊन तो बाकड्यावर बसून होता.

त्याला इथे दिनेश म्हणतो. त्याने आणि त्याच्या घरच्यांनी हे लिहायला होकार दिला तो नावं बदलण्याच्या अटीवर.

मी या दवाखान्यात हिस्टरी घेतो. आमच्या डॉक्टर मॅडम मेंदूच्या आजारांच्या. त्या मुंबईहून येतात आणि चारनंतर बसतात. सकाळी मी बसतो. नवा पेशंट आला की दुखणं कधी आणि कसं सुरू झालं, आणखी काय काय होतं, नात्यात कुणाला आहे का, हे विचारायचं आणि लिहून ठेवायचं. तपासायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. इथे येण्याआधी मी वर्तमानपत्रात होतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एवढा माझा टापू. पाणी, कचरा, अतिक्रमणं, पालिकेच्या सभा. आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा मॅडमना असा माणूस हवा होता, जो न लाजता विचारील आणि समोरचा सांगेल तेवढंच लिहील. दुसरी अट लोकांना वाटते तितकी सोपी नाही.

बातमीदारीतला एक नियम इथेही चालतो. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर लिहायचं नाही. माणूस झोपेत काय करतो हे त्याला विचारून कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त पेशंट पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे. हात थरथरतो, पावलं बारीक पडतात, अंग ताठरतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यासाठीच लोक येतात. मी विचारतो ते वेगळंच असतं. वास येतो का, पोट साफ होतं का, झोपेत ओरडता का, उठून उभं राहिल्यावर गरगरतं का, उगाच भीती वाटते का. लोक वैतागतात. अंबरनाथचे एक निवृत्त फिटर मला म्हणाले, "हात हलतोय माझा आणि तुम्ही संडासात शिरलात." पण हालचालीशी संबंध नसलेली ही लक्षणं याच आजाराची असतात आणि कितीतरी जणांत ती थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊन बसलेली असतात.

कॅम्प पाचमध्ये घरी पापड लाटून विकणाऱ्या एक सिंधी बाई होत्या. त्यांना वासाचं विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, नाक एकदम बढिया." शेजारी सून बसली होती. ती म्हणाली, "मम्मी, सच बोलो. ग्राहक बोलते थे ना, पापड खाया कि दवाई?" हिंगाचा वास येईना म्हणून बाई वर्षानुवर्षं हिंग वाढवत गेल्या होत्या. गिऱ्हाइकं तुटली. बाईंनी दोष दिला हिंगवाल्याला, माल भेसळीचा आहे म्हणून. हात थरथरायला लागला तो त्यानंतर बऱ्याच काळाने.

ते अंबरनाथचे फिटर पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आले. दोघंही बोलायला मोकळी. बाई म्हणाल्या, "सगळा संसार झाला, कधी हात उगारला नाही ह्यांनी. आता झोपेत लाथा घालतात."

"कुत्रं अंगावर येतं स्वप्नात," ते म्हणाले. "मी कुत्र्याला हाणतो."

"आणि लागतं मला. कुत्रं मजेत."

दोघंही हसली. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, भावंडांत असं कुणाला होतं का. फिटरनी थोरल्या भावाचं सांगितलं, ते वारले होते. त्यांची बायको तोंडावर वळ घेऊन उठायची, म्हणून सगळ्या आळीने त्यांना बायकोला मारणारा ठरवलं होतं. विहारातल्या मंडळींनी दोनदा बसवून समजावलंही होतं. वहिनी सांगत राहिल्या की हे जागेपणी करत नाहीत. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. त्या थोरल्या भावाचा हातही शेवटी शेवटी थरथरायचा. फिटर त्या रविवारी वहिनींना भेटायला गेले, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पार्किन्सन बहुतेकांच्या बाबतीत आईबापांकडून आलेला नसतो. काही घरांत तो तसा येतो, आणि आला तरी सगळीकडे एकसारखा वागत नाही. एका प्रकारात वास जातो, झोप बिघडते, पुढे भास होतात. दुसऱ्या प्रकारात यातलं फारसं काही नसतं, पण चिंता आणि उदासी माणसाला धरून बसतात. म्हणून काय होतं याइतकंच काय होत नाही हेही लिहायचं, अशी मॅडमची सूचना आहे. बातमीत घडलं नाही ते छापत नाहीत. ही सवय मला नव्याने लावून घ्यावी लागली.

आता दिनेश.

तो आईबरोबर आला होता. आईचं नाव सुनंदाताई. मूळ साताऱ्याकडचं शेतकरी कुटुंब, वडील अंबरनाथला कंपनीत पाळीवर. दिनेश उल्हासनगरच्या एका मसाल्याच्या कारखान्यात भाजणीवर होता. धणे, खोबरं, मिरची, दगडफूल मोठ्या कढईत भाजायचं आणि नेमक्या क्षणी उतरवायचं, हे त्याचं काम.

मी विचारलं, "वास येतो का?"

"सर, वासाचाच पगार घेतो मी." मग त्याने खिडकीकडे तोंड केलं. "खाली वडापाववाल्याचं तेल कालचं आहे."

मी लिहिलं: वास उत्तम. झोप? लागते. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं? सुनंदाताई म्हणाल्या, "दगडासारखा पडतो." पोट ठीक. विसरणं नाही. मग भीतीचं विचारलं, तेव्हा तो खाली बघायला लागला. छातीत धडधडायचं. गर्दी झाली की घाम फुटायचा. कामावरचे लोक आपल्याकडेच बघतात असं वाटायचं. कधी कधी नुसतं रडू यायचं.

"आणि पाय?"

"संध्याकाळी आत वळतो सर. उजवा. हात पण मग जड होतो."

"रोज?"

"रोजच. पण झोपून उठलो की नाही."

"हेच तर," सुनंदाताई म्हणाल्या. "सकाळी बघा, कसा ठणठणीत! कामावरून आला की पाय ओढतो. भाजी आणायला सांगितली की पाय ओढतो. मित्राची हळद होती सकाळी, तिथे नाचला. घरी येऊन पडला. मी म्हणते नाटक आहे. याचे वडील पण म्हणतात."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"चार ठिकाणी. आणि साहेब, कुठेही पहिला नंबर असतो माझा. उजाडायच्या आत जाऊन चप्पल ठेवून येते दाराशी. मग याला झोपेतून उठवते आणि डायरेक्ट आत."

हे त्या अभिमानाने सांगत होत्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चप्पल लावून नंबर धरायची रीत आपल्याकडे सगळीकडे आहे. त्याचा परिणाम असा झाला की चारही डॉक्टरांनी दिनेशला झोपून उठल्या-उठल्या पाहिलं. चौघांनाही काही सापडलं नाही. दोघांनी टेन्शन सांगितलं, एकाने व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि एकाने लग्न करा म्हणून सांगितलं.

हा शेवटचा सल्ला घरात पटला. अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या सुनंदाताईंच्या भावाची मुलगी प्रणाली. मामाचीच पोर. वैशाखातली तारीख धरली होती, गोरज मुहूर्त, म्हणजे लग्न दिवस मावळताना. हॉलचा ॲडव्हान्स देऊन झाला होता.

मी नात्यांचा तक्ता काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला रेघ. सुनंदाताईंना विचारलं, तुमचं आणि तुमच्या यजमानांचं आधीचं काही नातं?

"आत्याच्याच घरात दिली मला. हे माझे आतेभाऊ."

मी दोन रेघा ओढल्या. त्या वाकून बघत होत्या. "दोन का?"

"नात्यातलं लग्न असलं की दोन काढतात."

"अगंबाई, छान आहे की." त्यांनी दिनेशच्या चौकोनावर बोट ठेवलं. "मग इथं पण दोन काढून ठेवा. ह्या वैशाखातल्या."

मी काढल्या नाहीत. झालेलं असेल तेवढंच लिहितो, असं सांगितलं.

मॅडम चारला यायच्या होत्या. बदलापूरला जाऊन परत येण्यापेक्षा थांबू, असं दोघांनी ठरवलं. त्या दिवशी मॅडमना उशीर झाला. दिनेशचा नंबर आला तेव्हा सहा वाजून गेले होते. तो उठायला गेला आणि उठता येईना. उजवं पाऊल आत वळलेलं, गुडघा ताठ. सुनंदाताई बाकीच्या पेशंटकडे बघून म्हणाल्या, "बघा. झालं सुरू." कंपाउंडरने एक हात धरला, मी दुसरा.

मॅडमनी हिस्टरी वाचली, मग त्याला तपासलं. बोटं उघड-मीट करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. मग विचारलं, "झोपायचं का थोडं?"

दिनेशला वाटलं चेष्टा आहे. मॅडमनी त्याला आतल्या पलंगावर पाठवलं आणि पुढचे पेशंट बघितले. तासाभराने त्याला उठवलं. तो स्वतः चालत बाहेर आला. पाऊल पूर्ण सरळ झालं नव्हतं, पण आधार लागला नाही.

"आई, हे नाटक नाही," मॅडम म्हणाल्या. "तरुणपणी येणारा एक पार्किन्सन असतो. त्यातल्या काही जणांना झोपेने आराम पडतो, थोडा वेळ. याचा वास शाबूत आहे, झोप शांत आहे, डोकं चांगलं चालतं. आईवडील नात्यातले. सगळं एकाच बाजूला बोट दाखवतंय. रक्ताची तपासणी करून खात्री करू."

"आणि ते घाबरणं, रडणं?" मी विचारलं. अशा वेळी बोलायची मला परवानगी नसते. मॅडमनी उत्तर दिलं. "तेही त्याच आजारातलं. मनाचा कमकुवतपणा नाही तो. त्यालाही औषध आहे."

दिनेशने पार्किन्सन म्हणजे काय ते विचारलं नाही. त्याने विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हतो?"

"नाही."

"आई, ऐकलंस का?"

"ऐकलं रे," सुनंदाताई म्हणाल्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, मग लग्नाचं?"

मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट येईपर्यंत तारीख पुढे ढकला.

औषधाचा डोस अगदी लहान होता. दहा-बारा दिवसांत दिनेश संध्याकाळी भाजी आणायला जाऊ लागला. त्याच्या सिंधी शेठने त्याला पहाटेची पाळी दिली. शेठ मला फोनवर म्हणाले, "सुबह का आदमी है तो सुबह आएगा. नाक तो उसकी चौबीस घंटे चलती है ना, साईं?"

रिपोर्टमध्ये पार्किन या जनुकाचा दोष सापडला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या प्रकारात एक प्रत बिघडलेली असेल तर सहसा काही होत नाही. दोन्ही बिघडल्या तर आजार होतो. दिनेशच्या दोन्ही, आणि एकसारख्याच बिघडलेल्या. सुनंदाताई आणि त्यांचे यजमान ही एका आजा-आजीची नातवंडं. त्या घरातली एकच बिघडलेली प्रत दोन वाटांनी येऊन दिनेशमध्ये भेटली. आता प्रश्न प्रणालीचा होता. ती मामाची मुलगी, म्हणजे त्याच घरातली. तिच्याकडे ती प्रत असेल किंवा नसेल. नसली तर मुलं सुरक्षित. असली तर प्रत्येक मुलामागे निम्मा धोका.

मामा दवाखान्यात आले ते भांडायच्या तयारीत. "मामाची पोर करायची रीत आमची आजची नाही. आजोबाने केली, बापाने केली. कुणाला काय झालं? आताच कसं निघालं हे?"

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, झालं ना. माझ्या पोराला झालं."

मामा खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग मोडतो मी. पोरीला काय सांगायचं ते मी सांगतो."

त्या आठवड्यात प्रणाली आली. एकटी. ती कात्रपच्या एका शाळेत शिकवायची आणि शाळा सुटल्यावर थेट आली होती. आमच्या पद्धतीप्रमाणे तिचीही हिस्टरी घ्यायची होती. माझे प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, "तुमच्या प्रश्नांत एक राहिलंय सर."

"काय?"

"लग्न ठरवताना मला कुणी विचारलं नाही. मोडतानाही नाही. तुम्ही पण वास, झोप, पोट सगळं विचारलंत. दिनेश आवडतो का ते नाही."

मी म्हणालो, ते हिस्टरीत येत नाही.

"माहितेय. तरी लिहा. आवडतो."

मी लिहिलं. मॅडमनी नंतर ते वाचलं आणि खोडलं नाही.

तपासणी करायची की नाही हे तिचं तिनेच ठरवायचं आणि निकालही तिलाच द्यायचा, असं मॅडमनी तिला सांगितलं. तिने रक्त दिलं. पप्पांना फोन करायचा नाही, अशी सूचना केली. धरलेली वैशाखातली तारीख निघून गेली. हॉलवाल्याने ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरायचं कबूल केलं. मामा आणि सुनंदाताई एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला दिनेशने सांगितलं. भावाकडून आलेली आंब्याची पेटी त्याच्या आईने परत पाठवली होती.

मधल्या काळात दिनेश दोनदा दाखवायला आला. मनावरची गोळीही चालू झाली होती. गर्दीत घाम येणं कमी झालं होतं. लग्नाबद्दल तो बोलला नाही. दुसऱ्या खेपेला जाताना फक्त एवढं म्हणाला, "सर, ती नाही म्हणाली तर बरोबरच आहे तिचं. पण मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. तिनेच सांगावं."

निकाल आला त्या दिवशी प्रणालीने दिनेशला बोलावून घेतलं होतं. संध्याकाळ होती. तो थोडा पाय ओढतच आला. मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं. प्रणाली म्हणाली, "मॅडम, एक मिनिट. आधी मी बोलते."

ती दिनेशकडे वळली. "माझं हो आहे. यात मुलं होऊ द्यायची की नाही एवढंच बघायचंय. निकाल चांगला आला म्हणून हो म्हटलं, असं पुढे कुणी बोलायला नको. तू पण नको."

दिनेश म्हणाला, "अगं पण संध्याकाळी मी..."

"संध्याकाळी तू असा असतोस. बघतेय ना. मी पण शाळेतून आले की कुणाशी धड बोलत नाही. तुला ते माहीत नाही अजून."

मॅडमनी पाकीट उघडलं. दिनेशमध्ये सापडलेला दोष प्रणालीच्या दोन्ही प्रतींत नव्हता. त्यांच्या मुलांकडे दिनेशची एक प्रत जाईल, आजार जाणार नाही, हे मॅडमनी दोघांना कागदावर काढून समजावलं. पुढे त्या मुलांची लग्नं नात्यात करू नका, हेही सांगितलं. प्रणाली म्हणाली, "तेव्हा ती आम्हाला विचारतील तरी खूप झालं."

बाहेर सुनंदाताई बसल्या होत्या. त्यांना निकाल प्रणालीनेच सांगितला. त्यांनी पहिला फोन भावाला लावला आणि फोन लागताच म्हणाल्या, "दादा, ती आंब्याची पेटी चुकून परत आली होती बघ." आंब्याचा हंगाम केव्हाच संपला होता.

नवी तारीख तुळशीच्या लग्नानंतरची निघाली. गुरुजींनी पुन्हा गोरज मुहूर्त काढला. प्रणालीने तो बदलून मागितला. मामा म्हणाले, आपल्यात लग्नं संध्याकाळचीच लागतात, सगळे पाहुणे कामावरून सुटून येतात. ती म्हणाली, "पाहुणे रजा काढतील. नवरा सकाळचा आहे." यावर सुनंदाताईंनी तिची बाजू घेतली.

मला आमंत्रण होतं. मॅडमनाही होतं, त्यांना येता आलं नाही. लग्न कात्रपच्या हॉलमध्ये सकाळच्या मुहूर्तावर लागलं. दिनेश सबंध मंगलाष्टकांना आधाराशिवाय उभा होता. पंगतीत बसायच्या आधी तो आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन आला आणि मसाला आणखी परतायला हवा होता असं मला म्हणाला. शेठ कारखान्यातली माणसं घेऊन आले होते. आहेर म्हणून त्यांनी स्वतःच्या कारखान्याचा मसाला आणला. तो दिनेशनेच भाजलेला होता.

जेवणं झाल्यावर नवरदेव वरपक्षाच्या खोलीत जाऊन झोपला. नवरीने शालू सावरत दाराबाहेर खुर्ची टाकली. फोटोग्राफर दोनदा विचारायला आला, मामा एकदा आले. वरात निघायची वेळ होईपर्यंत तिने कुणालाही आत सोडलं नाही.